एप्रन धुतो कोण?

हरियाणा सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारी रुग्णालयांतील डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाची नियमावली काढली. जीन्स नको, टी-शर्ट नको, पलाझो नको, मेकअप नको, चित्रविचित्र केशरचना नको, जड दागिने नकोत, लांब नखे नकोत. रात्रपाळी असो की सुट्टीचा दिवस, नियम चोवीस तास लागू. गणवेशात न आलेला कर्मचारी त्या दिवशी गैरहजर धरला जाईल, अशी तंबीही सोबत होती. वाद झाला तो जीन्स, पलाझो आणि केसांवरून. नखांचा मुद्दा हसण्यावारी गेला. खरे तर रुग्णाच्या जिवाशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध, असा त्या यादीतला शब्द तोच होता.

अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीतील एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात १९९७-९८ मध्ये स्युडोमोनास या जीवाणूची साथ महिनोन् महिने रेंगाळली. ४६ बाळांच्या शरीरात हा जीवाणू सापडला, त्यातली १६ दगावली. पाण्याचे नळ, उपकरणे, कर्मचाऱ्यांचे हात असे सगळे तपासत गेल्यावर धागा दोन परिचारिकांपर्यंत पोहोचला. एकीची स्वतःची नखे लांब होती, दुसरीने कृत्रिम नखे लावलेली होती. नखांमुळेच ही साथ आली, असे संशोधकांनी छातीठोकपणे म्हटले नाही; नखांचा हात असावा, एवढेच म्हटले. कारण समजायला सोपे आहे. नखाखालची जागा उबदार आणि ओलसर, साबण तिथपर्यंत नीट जात नाही, आणि हात कितीही चोळले तरी तो कोपरा राहूनच जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हस्तस्वच्छता मार्गदर्शिकेत म्हणूनच रुग्णसेवेत कृत्रिम नखे नकोत आणि स्वतःची नखे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत, असे लिहिले आहे.

पोशाखाच्या आदेशांची अडचण इथेच आहे. वरिष्ठांच्या डोळ्यांना खटकणारी गोष्ट आणि रुग्णाला अपाय करणारी गोष्ट या दोन्ही एकाच ओळीत, स्वल्पविराम देऊन बसवलेल्या असतात. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबद्दल आदेश काढला, त्यातही जीन्स-टी-शर्टला मनाई होती, गडद रंगाचे, विचित्र नक्षीचे कपडे नकोत असे होते, शुक्रवारी खादी वापरावी असे होते, आणि पायात चप्पल नको असेही होते. मंत्रालयातल्या टेबलाखाली चपलेने काय बिघडते ते कळणे कठीण. वॉर्डात मात्र चपलेने बरेच बिघडते. सलाईन काढताना सुई निसटून पडते ती सरळ खाली, आणि रक्त, लघवी, फिनाइल यांचा पहिला संबंध येतो तो उघड्या बोटांशी. कार्यालयात शिस्त म्हणून जो नियम लागू होतो, तो रुग्णालयात सुरक्षिततेचा नियम म्हणून, पुढून बंद आणि न घसरणारे बूट देऊन लागू व्हायला हवा. ‘चप्पल नको’ एवढे लिहून बुटांचा खर्च कोणाचा हे न लिहिणे म्हणजे अर्धाच आदेश.

डॉक्टरांचा पांढरा कोट, ज्याला महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत सगळे एप्रनच म्हणतात, तो काही फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात डॉक्टर काळ्या कोटात वावरत. थॉमस ईकिन्स या अमेरिकी चित्रकाराची दोन प्रसिद्ध चित्रे शेजारी ठेवली की बदल दिसतो. १८७५ च्या चित्रातले शल्यचिकित्सक काळ्या कोटात, उघड्या हातांनी शस्त्रक्रिया करताहेत. १८८९ च्या चित्रात तेच काम पांढऱ्या कपड्यांत चालले आहे. मधल्या काळात जंतूंचा सिद्धान्त मान्य होत गेला होता. पांढरा रंग निवडला गेला त्यामागे डाग लपू नये हाही हेतू होता. मळलेला पांढरा कोट घालून फिरणाऱ्याला लाज वाटावी आणि त्याने तो बदलावा, हे त्यात गृहीत होते. शंभर-सव्वाशे वर्षांत कोटाला प्रतिष्ठा चिकटली, पदवीच्या पहिल्या वर्षी तो समारंभपूर्वक घालायची पद्धत अमेरिकेतून १९९३ नंतर जगभर पसरली, आणि बदलण्याचे कलम मात्र गळून पडले. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या एप्रनच्या खिशाचा रंग पाहिला की ते कळते.

हा कोट जंतूंचा वाहक आहे का, हा प्रश्न १९९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी विचारला. शंभर डॉक्टरांचे कोट तपासले. चौथाई कोटांवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जखमा चिघळवणारा जीवाणू मिळाला, आणि सर्वांत मळलेल्या जागा होत्या बाह्यांचे कफ आणि खिसे. न्यूयॉर्कमध्ये २००४ साली टायची तपासणी झाली, तेव्हा ४२ पैकी २० डॉक्टरांच्या टायवर रोगजंतू निघाले. त्याच रुग्णालयातल्या दहा सुरक्षारक्षकांपैकी एकाच्याच टायवर निघाले. टाय वाकून रुग्णाला टेकतो आणि तो धुतला जात नाही, यात नवल काहीच नाही. ब्रिटनमध्ये त्या काळात औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमुळे, म्हणजे एमआरएसएमुळे, सरकारवर टीकेची झोड उठली होती. सप्टेंबर २००७ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने ‘कोपराखाली हात मोकळे’ हा नियम जाहीर केला. आखूड बाह्या, मनगटावर घड्याळ नाही, टाय नाही, लांब बाह्यांचा पांढरा कोट नाही. गंमत म्हणजे त्याच वेळी खात्याने करवून घेतलेल्या आढाव्यात, कपड्यांमुळे संसर्ग पसरतो याचा निर्णायक पुरावा नाही, हेही नमूद होते. नियमाचा खरा आधार हातांत होता. बाही मनगटापर्यंत असेल तर मनगट धुतलेच जात नाही, आणि धुतलेल्या हाताला पुन्हा कफ लागतो.

भारतातही २०१५ साली मंगळूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरने ‘बीएमजे’त लिहून भारतीय डॉक्टरांनी आणि विद्यार्थ्यांनी एप्रन सोडावा, अशी मागणी केली. चर्चा झाली, एप्रन राहिला.

‘कोपराखाली मोकळे’ हे आपल्याकडे म्हणायला सोपे, पाळायला अवघड, कारण आपली मनगटे फारशी रिकामी नसतात. नवविवाहित सिस्टरच्या हातातला हिरवा चुडा, मावशींच्या काचेच्या बांगड्या, रेसिडेंट डॉक्टरच्या मनगटावरचा देवळातला लाल दोरा, गणपती येऊन गेले तरी न सुटलेली राखी. दोरा पाणी धरून ठेवतो, दिवसभर ओला राहतो आणि प्रत्येक रुग्णाला टेकतो. जंतूंच्या दृष्टीने तो घड्याळापेक्षा वाईट. केरळमध्ये २०२३ साली तिरुवनंतपुरमच्या वैद्यकीय महाविद्यालयातील काही मुस्लिम विद्यार्थिनींनी शस्त्रक्रियागृहात लांब बाह्या आणि डोके झाकण्याची परवानगी मागितली, तेव्हा चर्चेने लगेच राजकीय वळण घेतले. ब्रिटनने हा प्रश्न २०१० मध्येच शांतपणे हाताळला होता. रुग्णाला हात लावताना कोपरापासून मनगटापर्यंत एकदाच वापरून टाकायच्या बाह्या चालतील, शीख कर्मचाऱ्याने कडे वर सरकवून घट्ट बसवावे, विवाहाची साधी अंगठी चालेल. श्रद्धा कोणाची हे न विचारता पाणी कुठपर्यंत पोहोचते एवढेच विचारले, की असे नियम करता येतात. एकाच्या कपड्यावर बोट ठेवायचे आणि दुसऱ्याच्या दोऱ्याकडे पाहायचे नाही, हा प्रकार मात्र जंतूंना ठाऊक नसतो.

आता या कथेतला नावडता भाग. २०११ मध्ये अमेरिकेतील डेनव्हर इथे शंभर डॉक्टरांचे दोन गट केले. एका गटाला सकाळी नुकताच धुतलेला, आखूड बाह्यांचा गणवेश दिला. दुसरा गट आपले नेहमीचे, क्वचित धुतले जाणारे पांढरे कोट घालून आला. आठ तासांनी दोन्ही गटांच्या कपड्यांवरचे जंतू मोजले तर फरक नव्हता. स्वच्छ गणवेशावर दिवसअखेर जेवढे जंतू मिळाले, त्यातले निम्मे पहिल्या तीन तासांतच आले होते. जंतुनाशक प्रक्रिया केलेल्या कापडाचेही असेच झाले. असे कापड विकणारे विक्रेते रुग्णालयांत नियमित फेऱ्या मारतात, पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अतिदक्षता विभागातल्या ४० परिचारिकांना साधे आणि दोन प्रकारचे जंतुरोधक गणवेश आलटून पालटून दिले, तेव्हा महागड्या कापडाचा काही उपयोग दिसला नाही.

मग धुऊन फायदा काय, असे कोणी विचारील. डेनव्हरच्या अभ्यासात कपड्यांवरचे जंतू मोजले होते, रुग्णांना झालेला संसर्ग नव्हे. शिवाय त्या रुग्णालयात एका खाटेवर एकच रुग्ण होता. जिथे दोन खाटांच्या मधल्या जागेत तिसरी गादी पडते आणि गादीवरच्या रुग्णाला तपासायला गुडघे टेकून बसावे लागते, तिथे एप्रनचा घेर जमिनीला लागतो. कपड्यावर एकदा बसलेला जंतू लगेच मरतही नाही. प्रयोगशाळेत स्टॅफिलोकॉकसचे काही प्रकार पॉलिएस्टरवर आठवडेच्या आठवडे जिवंत राहिलेले आहेत, सुती कापडावर त्यापेक्षा कमी काळ. आपल्याकडचे स्वस्त एप्रन बहुतेक पॉलिएस्टरमिश्रित असतात, कारण ते चुरगळत नाहीत आणि लवकर वाळतात. त्यामुळे डेनव्हरचा धडा एवढाच घ्यायचा, की कापड कितीही स्वच्छ असले तरी त्याच्यावर विसंबून हात धुणे टाळायचे नाही. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरांपैकी सुमारे १५ जणांना तिथेच नवा संसर्ग होतो, श्रीमंत देशांत सात जणांना, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज आहे. या दरीत खाटा, पाणी, मनुष्यबळ, प्रतिजैविकांचा बेसुमार वापर असे पुष्कळ काही आहे. कपडा हा त्यातला छोटा हिस्सा, पण हातात असलेला.

एप्रन काढूनच टाकावा, याला एक प्रामाणिक हरकत आहे, ती रुग्णाच्या बाजूची. अमेरिकेतील दहा शिक्षण-रुग्णालयांत चार हजारांहून अधिक रुग्णांना विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी डॉक्टरचा पोशाख आपल्यासाठी महत्त्वाचा असल्याचे सांगितले, आणि पसंती मिळाली ती व्यवस्थित कपड्यांवर पांढरा कोट घातलेल्या डॉक्टरला. आपल्या जिल्हा रुग्णालयात तर गरज आणखी साधी असते. चार तास एसटीने प्रवास करून आलेल्या नातेवाइकाला गर्दीत डॉक्टर कोण, सिस्टर कोण, तंत्रज्ञ कोण, हे ओळखायचे असते. एप्रन नसलेल्या महिला डॉक्टरला दिवसातून दहा वेळा ‘ओ सिस्टर’ अशी हाक येते. बिनएप्रनचा पुरुष वॉर्डबॉय मात्र बिनदिक्कत ‘डॉक्टरसाहेब’ होतो. यावर उपाय आखूड बाह्यांचा, रंगाने वेगळा ओळखू येणारा गणवेश आणि छातीवर मराठीत, लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव व पद. गळ्यात लोंबणारे, वाकले की जखमेवर टेकणारे ओळखपत्र हा त्यावरचा उपाय नव्हे. (पांढऱ्या कोटाने रक्तदाब वाढतो अशी एक बदनामी आहे. इटलीतल्या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवले ते असे, की डॉक्टर खाटेशी आला की वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी चढतो. तो डॉक्टर येण्यामुळे चढतो. कोटाच्या माथी उगाच मारले गेले.)

आणि तरीही कोणत्याही आदेशात सहसा नसते ती गोष्ट उरतेच: हा कपडा धुवायचा कुठे आणि कोणी? ब्रिटनमधील रुग्णालयीन धुलाईचे मानक आहे ६५ अंश सेल्सिअसला दहा मिनिटे किंवा ७१ अंशांना तीन मिनिटे. तिथेही पुष्कळ परिचारिका गणवेश घरी धुतात. लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठाने २०२५ मध्ये सहा घरगुती वॉशिंग मशिनची तपासणी केली. जलद धुलाईत निम्म्या यंत्रांनी कपडे निर्जंतुक केले नाहीत, आणि नेहमीच्या धुलाईतही एकतृतीयांश यंत्रे नापास झाली. ही गरम पाण्याच्या यंत्रांची कथा.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांची यांत्रिक धुलाई चादरी, उशांचे अभ्रे आणि शस्त्रक्रियागृहातले कपडे धुते. रेसिडेंटचा एप्रन त्यात सहसा जात नाही. तो त्याने महाविद्यालयाबाहेरच्या दुकानातून स्वतःच्या पैशांनी घेतलेला असतो, एक किंवा फार तर दोन. सलग छत्तीस तासांची ड्युटी करून वसतिगृहात परतल्यावर तो थंड पाण्याच्या बादलीत भिजतो, नाहीतर खुर्चीच्या पाठीवर पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये खोलीतल्या दोरीवर तो दोन दिवस वाळत नाही. दुसरा एप्रन नसेल तर सकाळच्या राउंडला तोच, दमट. अमेरिकेतील रुग्णालय-साथरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये केलेल्या शिफारशी या बाबतीत घरगुती वाटाव्यात इतक्या साध्या आहेत. प्रत्येकाकडे किमान दोन कोट असावेत, धुण्याची सोय रुग्णालयाने फुकट किंवा स्वस्तात द्यावी, निदान आठवड्यातून एकदा कोट धुतला जावा, आणि रुग्णाला तपासण्याआधी तो काढून अडकवायला खुंट्या असाव्यात. खुंटीची गरज उपाहारगृहाच्या दारातही आहे. एप्रन घालून वडापावच्या गाडीवर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांना सगळेच नावे ठेवतात, पण तो काढून ठेवायला त्यांना जागा कुठेच नसते.

कपडे धुण्याला पैसे लागतात हे सरकारला माहीत नाही, असे नाही. केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये गणवेश, धुलाई, बूट असे सुटे भत्ते एकत्र करून पोशाख भत्ता केला. इतरांना तो वर्षातून एकदा; परिचारिकांना मात्र तेव्हा दरमहा १,८०० रुपये ठरले, कारण त्यांचे कपडे वारंवार धुवावे लागतात. हा हिशेब अगदी योग्य आहे. तो केंद्राच्या कायम सेवेतल्या परिचारिकांपुरता थांबतो, ही त्याची मर्यादा.

त्याच वॉर्डात मामा आणि मावशी असतात. रक्ताने भिजलेली चादर गोळा करणे, बेडपॅन धुणे, जैववैद्यकीय कचऱ्याच्या लाल-पिवळ्या पिशव्या उचलणे ही कामे त्यांची. रुग्णालयात सर्वांत घाण होणारा कपडा त्यांचा असतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी अशा कामगारांना हातमोजे, बूट, मुखपट्टी देणे, हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणे आणि वर्षातून किमान एकदा त्यांची तपासणी करणे बंधनकारक केले आहे. हे नियम कंत्राटी कामगारालाही लागू आहेत. प्रत्यक्षात कंत्राटदाराकडून अनेकदा मिळतो तो गडद रंगाचा एक जोड, पाठीवर कंपनीचे नाव छापलेला. डाग दिसत नाहीत, म्हणून तो स्वच्छ समजला जातो. हातमोजे असतात ते तपासणीचे पातळ, सुई आरपार जाईल असे. कचरा उचलायला जाड रबरी लागतात. पाळी संपली की बदलायला खोली नाही, म्हणून मावशी त्याच कपड्यात एसटीत किंवा सहा आसनी रिक्षात बसून घरी जातात.

घरी धुवायचाच असेल तर असा कपडा वेगळ्या बादलीत, ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवून, मग साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवून गरम इस्त्री करावा, असे त्यांना सांगितले जाते. सल्ला बरोबर आहे. त्यासाठी दुसरी बादली लागते, पाणी लागते, ऊन लागते, आणि उद्या घालायला दुसरा जोड लागतो. तो नसेल तर गणवेश रात्री नळाला पाणी येईल तेव्हा, लेकरांच्या शाळेच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत पडतो.